भोक

गावाचं नाव पेंग्विन. हसा खुशाल.
टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर असली नावं असतात.
माझी शेड पूर्वी सफरचंदांची होती;
दमट दिवशी अजून फळ्यांतून आंबूस वास सुटतो
आणि डाखाच्या धुरात मिसळतो.

फेब्रुवारीत लॅक्लन डफिल्ड फ्रेम घेऊन आला,
गोणपाटात गुंडाळलेली.
आजोबांची. क्लॅरी डफिल्ड,
एकोणपन्नास सालच्या नववर्षाच्या जत्रेत
एकशे साठ यार्ड पुढून सुटून
चाकांची मोठी शर्यत जिंकलेला.
मैदानाच्या मध्यावर लाकूडतोडे ओंडके फोडत होते,
भुसा उडून वळणावर येत होता
आणि क्लॅरी त्यातून डोळे मिटून गेला, म्हणे.
"तेव्हा होती अगदी तश्शी करा," लॅक्लन म्हणाला,
"एकही व्यंग नको."

व्यंगं मोजायला बसलो तर जेवण थंड झालं.
सीटचा दांडा नळीत घरजावई होऊन बसलेला,
अकरा दिवस कॉस्टिक सोडा पाजला
तेव्हा कुठे विरघळून निघाला.
छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले.
वरचा रंग हिरवा, कुंपणाचा उरलासुरला;
त्याखाली काळा; त्याखाली, नखाएवढ्या जागी,
दारूसारखा लाल, आणि हाताने ओढलेली सोनेरी रेघ,
ओढणाऱ्याचा श्वास एका ठिकाणी चुकलेला.

आणि फोर्कच्या माथ्यावर ते भोक.
आरपार. ब्रेकचं.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो.
चाक फिरेल तोवर पाय फिरणार,
पायांनी ओढून धरलं तर चाक दमणार,
एवढाच करार, मधे तिसरा कुणी नाही.
आणि इथे कुणा गाढवानं
हातड्रिलनं, तेही तिरपं,
मधोमधपासून दोन मिलिमीटर सोडून...
एक अख्खी दुपार मी त्या अनोळखी माणसाला
मोठ्याने शिव्या देत काम केलं.
पोलादाची गुल्ली बसवली, चांदीचा डाख दिला,
दोन संध्याकाळी कानस, मग बारीक कानस, मग पॉलिशपेपर.
अंगठ्याला जागा सापडेनाशी झाली
तेव्हा शिट्टी वाजवली आणि दिवा मालवला.

मर्ल मंगळवारच्या बसने आली.
लॅक्लनची आत्या, चौऱ्याहत्तरची, हातात काठी.
फ्रेम अजून रंगाविना टांगलेली, उघडी.
तिनं बाकी काही पाहिलं नाही,
अंगठा थेट तिथेच नेला
आणि फिरवत राहिली, फिरवत राहिली.

"इथलं कुठे गेलं?"

मी सांगितलं. जरा तोऱ्यातच.

"ते माझं होतं," ती म्हणाली.
"मी जन्मले त्या आठवड्यात पाडलं त्यानं.
त्याआधी त्याला थांबायची गरजच पडली नव्हती.
दांडीवर उशी बांधायचा, मला पुढे बसवायचा,
चर्चच्या उतारावरून खाली,
एक हात ब्रेकवर, एक माझ्या पोटावर.
रबर जळल्याचा वास यायचा.
तो वास आला की मला वाटायचं, घर आलं."

माझ्या हातात कापडाचा बोळा होता.
तो मी पुन्हा पुन्हा घडी करत राहिलो.
परत पाडतो, म्हटलं.
"नको," ती म्हणाली, "छान दिसतंय."
ते "छान" तिथेच शेडमध्ये ठेवून
ती साडेतीनच्या बसने गेली.

लॅक्लनला फोन केला. तो म्हणाला, छे,
शर्यतीच्या दिवशी भोक नव्हतं.
खरंच आहे त्याचं. नव्हतं.

रात्री हातड्रिल काढलं.
पंच ठेवला, हातोडीचा हलका टोला:
खूण मधोमध पडली.
घासून काढली. पुन्हा. मधोमध.
तिसऱ्यांदा डोळे मिटून घेतले,
तरी चाळीस वर्षांच्या सवयीचा हात
केसभरही ढळेना.

शेवटी ड्रिल
डाव्या हातात घेतलं.