रकाना सातवा

फेब्रुवारीत मिलवॉकीत
म्युझियमचं तळघर हीच त्यातल्या त्यात उबेची जागा.
वर तळं गोठून पांढरं.
खाली मी, निळे हातमोजे, तोंडावर मास्क,
आणि ट्रेमध्ये कापसावर निजवलेली
वीतभर उंचीची ती.

ती म्हणावं की ते, इथूनच अडतं.
संगणक विचारतो, वस्तूचा प्रकार?
कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलंय : खेळणं.
त्याच्याही आधी कुणी : मूर्ती.
मला उगाच ठकी आठवते,
पांगाऱ्याची, सावंतवाडीची,
जिचं नाक मी चावून खाल्लं होतं म्हणे.
मग आत्याच्या देवघरातले टाक.
दोन्ही नव्हे.
मराठीत हिला शब्द नाही
आणि त्यात मराठीची काही चूक नाही.

क्लेटस होंगेवा ॲरिझोनाहून आले, दोन विमानं बदलून.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.
हात लावू का, म्हणाले.
मी सांगितलं, जे सांगावंच लागतं :
शंभर वर्षांपूर्वी, कसर लागू नये म्हणून,
इथल्या लोकांनी यांच्यावर सोमल फवारला.
त्यांनी हात मागे घेतला,
विस्तवावरून घेतात तसा नाही,
तापलेल्या लेकराच्या कपाळावरून घेतात तसा.

मग बोलले, थांबत थांबत.
लाकूड कॉटनवुडचं. खोडाचं नाही, मुळाचं.
पाण्याच्या शोधात जे लांब गेलं ते मूळ,
हलकं इतकं की हातात घेऊनही
काही घेतल्यासारखं वाटत नाही.
आम्ही याला तिहू म्हणतो.
कात्सिना हिवाळ्यात डोंगरावरून येतात,
ढग असतात ते, आमचे गेलेलेही असतात,
जुलैत घरी परततात.
मधल्या दिवसांत मुलींच्या हाती हे देतात.
खेळायला नाही. पुजायलाही नाही.
भिंतीवर टांगायचं.
मुलगी झोपता झोपता बघते,
बघता बघता ओळखायला लागते. बस.

कोरतं कोण, मी विचारलं.
ते दिव्याकडे बघत राहिले.
काही प्रश्न चपलांसारखे
दाराबाहेर काढून ठेवायचे असतात.
याचं नाव मात्र त्यांनी सांगितलं,
आणि म्हणाले, लिहू नका.
लिहिलं नाही. इथेही नाही.

दुपारी मी डबा उघडला. मटकीची उसळ.
ते वाकून नुसते मोड बघत राहिले.
या महिन्यात आमच्याकडेही, म्हणाले,
घेवडा रुजवतात, जमिनीखालच्या खोलीत,
शेकोटी पेटती ठेवून, बाहेर बर्फ असताना.
पहाटे मुलीला तिहू मिळतं
ते त्या मोडांसोबत.
आम्ही फडक्यात बांधतो, मी म्हटलं.
त्यांनी चमचाभर खाल्लं, तिखट लागलं,
दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा हसले.

निघताना लांबूनच बोट दाखवलं,
कमरेपाशी, जिथे फिरोजी रंग गेलाय
अंगठ्याएवढा.
इथे धरायची ती.
कोण?
जिला दिलं होतं ती.
मग विकलं कसं?
उपाशी वर्ष असेल. किंवा विकलंच नसेल.

आता तळघरात मी एकटी.
आर्द्रता पंचेचाळीस टक्के,
काटा जरा हलला की भोंगा वाजतो.
पाऊस आणणाऱ्याला आम्ही अशा जागी ठेवलंय
जिथे ओलाव्याला बंदी आहे.

नोंदीत सहा रकाने :
क्रमांक, प्रकार, लाकूड, साल एकोणीसशे नऊ,
संग्राहकाचं पूर्ण नाव, किंमत पाऊण डॉलर.
मी सातवा घातला. कुणाला दिलं होतं.
त्यात लिहायला काही नाही.
साहेब म्हणाले, मग कशाला?
मी तो बाकीच्यांपेक्षा रुंद केला
आणि ट्रे उभा करून ठेवला,
तिला समोरचं दिसेल असा.