तलावाचं मस्टर

ट्रक नंबर, वेळ, खेप, सही.
माझं काम एवढंच:
अंबाझरीच्या काठावर छत्रीखाली बसून
तलावातून किती हिरवं निघालं ते लिहायचं.

पहिल्या आठवड्यात एकसष्ट खेपा.
मशीनचा पट्टा तिसऱ्याच दिवशी तुटला,
मग दौलत बावणे उतरला, कमरेला दोर बांधून,
आणि त्याच्यामागं पांढराबोडीच्या चौदा बाया
छातीपर्यंतच्या पाण्यात,
जलपर्णीची जड मुळं अंगावर ओढून घेत.
काळी, केसाळ मुळं,
न्हाणीच्या जाळीतून निघालेल्या गुंत्यासारखी.

सोमवारी मोकळं केलेलं पाणी
सोमवारीच दिसायचं.
पुढच्या सोमवारी तिथं पुन्हा पानं,
फुगीर देठांवर तोल सावरत,
जणू मलाच हिशेब विचारायला आलेली.

"काठावर टाकू नका जी," दौलत सांगून थकला,
"एक तुकडा घरंगळला का झालं."
ठेकेदाराला पैसे खेपेमागं मिळतात.
काठावरून पाण्यात गेलेलं
पुन्हा मोजता येतं.
मी लिहीत गेलो.

मग जबलपूरहून डब्यात भुंगेरे आले,
तांदळाच्या कणीएवढे.
पानं खातात, पण सावकाश.
मार्चपर्यंत होईल का, साहेबांनी विचारलं.
भुंगेऱ्यांना मार्च माहीत नव्हता.

एकदा जेवताना दौलतनं
नाल्याच्या तोंडाकडं हनुवटी केली.
सकाळचा फेस येत होता, पांढराशुभ्र,
सगळ्या कॉलनीच्या मोऱ्यांमधला.
"उपटतो आमी," तो म्हणाला, "वाढता तुमी."
आणि माझ्या डब्याच्या झाकणात
त्यानं झुणका वाढला.

घरी सिमेंटच्या टाक्यात
मुलीनं पिशवीतून आणलेलं एक रोप होतं.
परवा उमललं. फिकं जांभळं,
वरच्या पाकळीवर पिवळा डोळा, मोरपिसाचा.
तुमसरे वहिनी बघून गेल्या,
एक मागून ठेवलंय त्यांनी.

काल टाकं मोजलं. अकरा.
ते कुठल्याच मस्टरात नव्हते.
गच्चीवर नेऊन पसरले,
सेहेचाळीस डिग्रीचं ऊन,
संध्याकाळी पापडासारखे वाजत होते.

दहा.
एक ठेवलं, मुलगी रडत होती म्हणून.

असं लिहीन मी,
कुणी विचारलं तर.