ओहोटीचा चौकोन

ओल्या बोटाला काच ओळखत नाही.
चिखलाच्या बोटाला तर नाहीच नाही.
चांगुणाआत्या ट्रॉम्बेच्या धक्क्याखाली
गुडघाभर गाळात उभी राहून
कोपरानं फोन उघडू बघते.
एकदा नाकाच्या शेंड्यानं जमलंही होतं,
पण फोन लागला पनवेलच्या व्याह्यांना,
पहाटे पाचला.

म्हणून मी एक चौकोन केला,
फोनच्या तोंडावरच बसणारा, दोन बोटं रुंद.
पाणी उतरतंय तोवर हिरवा,
फिरलं की लाल,
आणि आत एकच आकडा:
पाणी फिरायला उरलेली मिनिटं.
उघडायचं नाही, दाबायचं नाही,
पाटीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून
नुसतं बघायचं.

दुकानाच्या दारात चौकोन पाच दिवस उभा होता.
मग पत्र आलं, सही नसलेलं:
ॲप उघडल्यावर आत काहीच नाही.
वापरणाऱ्यास पुरेसा अनुभव मिळत नाही.

मी लिहिलं, साहेब (किंवा बाई),
ते उघडायचंच नाहीये.

दुसरं पत्र:
चाचणीसाठी नाव आणि पासवर्ड कळवा.
ओहोटीचा पासवर्ड.
दोन दिवस मी हेच मनात घोळवत
चेंबूर नाक्यावर चहा पीत होतो.

तिसऱ्या पत्रासोबत पुरावा होता, स्क्रीनचा फोटो:
चौकोन करडा, आत एक आडवी रेघ.
म्हणजे तपासणारा जिथं कुठं बसला होता
तिथून समुद्र फार लांब होता,
आणि माझा चौकोन खरं तेच सांगत होता
की इथं पाणी चढत नाही, उतरत नाही.
त्याला त्यांनी बिघाड म्हटलं.

आत्याला वाचून दाखवलं.
निवट्या साफ करता करता म्हणाली,
कोन हाय तो? नाव काय त्याचं?
नाव नसतं, आत्या.
मग शिव्या कोनाला घालायच्या?
जरा वेळानं, राख हातावर घेत:
त्याला सांग, आवशेला ये.
चपला काढून ये म्हनावं.

मग मी त्यात सगळं घातलं.
सात रंग. सेटिंग्ज. सुप्रभात म्हणणारा एक मासा.
‘आमच्याविषयी’ नावाचं पान, त्यात मी एकटाच.
आणि गोपनीयतेचं अकरा पानी धोरण,
ज्याचा अर्थ एवढाच की
तुम्ही किती खुबे काढले ते मला कळत नाही.

मंगळवारी रात्री तीन वीसला मंजुरी आली.

उजाडायच्या आत धक्क्यावर पोचलो,
आत्याच्या फोनवर चौकोन बसवला.
हिरवा. बारा मिनिटं.
तिनं फोनकडे पाहिलं,
मग गाळावरच्या बुडबुड्यांकडे,
मग लांब पुलाकडे.
नाय. अजून बत्तीस हायत.
तुझ्या आकड्यात पुलाचे खांब नायत.

आजीचा हिशोब होता तिथीची पाऊणपट:
अष्टमीला भरती सहाला, बस.
आत्यानं त्यात खाडीसाठी थोडं घातलं,
भरावासाठी थोडं,
जेट्टी झाली त्या वर्षी थोडं,
नवा पूल झाला तेव्हा आणखी.
दर वेळी नवा हिशोब, दुसऱ्या दिवशी चालू,
कुणाकडे तपासायला पाठवला नाही.

वीस मिनिटं म्हणजे अर्धी पाटी.

मी पायरीवर बसून आकडा बदलला,
वीस मिळवले, पाठवून दिलं.
स्क्रीनवर आलं: तपासणीच्या प्रतीक्षेत.
पाठीमागे रिफायनरीचा भोंगा झाला.

पिशवीत चौकोन लाल झाला.
आत्या अजून वाकलेली.