चौथ्या मिनिटाची घंटी

बावीस वर्षं मी फक्त वेळ सांभाळते.
जनकगंजच्या सभागृहात, पहिल्या रांगेच्या टोकाला
एक डुगडुगतं टेबल, एक स्टॉपवॉच, पितळेची घंटी.
चौथ्या मिनिटाला एकदा, पाचव्याला दोनदा.
मत कुणी विचारत नाही. बरंच आहे.

या घंटीसमोर किती देश आले नि गेले.
अणुबॉम्ब असावा की नसावा, हे
नववीतल्या एका मुलानं साडेचार मिनिटांत मिटवलं होतं.
फाशी, तेल, निर्बंध,
समुद्र चढतोय त्याचं बिल कुणी भरायचं,
सगळं उरकून मंडळी साडेसहाला
गजकचा पुडा घेऊन घरी.

यंदा पेंडसेसरांनी फळ्यावर लिहिलं:
‘निर्वासितांसाठी देशांनी दारं उघडी ठेवावीत.’
बाजू चिठ्ठीवर ठरते. स्टीलच्या डब्यात
‘होय’ आणि ‘नाही’, घडी सारखीच.
पटतं काय, हा मुद्दा नियमावलीत नाही.

(आम्ही ग्वाल्हेरला कसे आलो,
त्याला आमच्याकडे आगमन म्हणतात.
घोडे होते ना बरोबर.
अख्ख्या वस्तीचं नावच लष्कर पडलं,
आणि परवाना कुणी मागितल्याचं
एकाही बखरीत सापडत नाही.)

सातवा क्रमांक, मोहित रूपचंदानी.
माधवगंजातलं कापडाचं दुकान,
वरच्या मजल्यावरच्या कारखानीसबाईंकडून उचललेली मराठी.
ळ अगदी घोटून बसवलेला,
च मात्र अजून चंद्रातला, चांदण्यातला नाही.
त्याच्या चिठ्ठीत ‘नाही’ निघालं.

बोलला छान. पाणी किती, घरं किती,
पाहुणा किती दिवसांचा,
दुसऱ्याच्या तिजोरीतून दया करणं सोपं.
टाळ्या पडल्या. मीही मान हलवली असेन.
मग म्हणाला, ‘समजा, एका स्टेशनावर
रात्री हजार माणसं उतरली.
विहिरीवर आधी कोण?
दुकानाची फळी कुणी भाड्यानं द्यायची?
आणि हे लोक, परीक्षक महोदय,
हे लोक ट्रंकेत कुलूप घेऊन येतात.
कुलूप. दार तिकडेच राहिलेलं असतं.’

इथं तो थांबला.
पाठ केलेलं विसरल्यावर मुलं छताकडे बघतात.
हा माझ्याकडे बघत होता,
घंटीकडे. वाजेल, सुटू, असा.
काटा चारच्या पुढे गेला.
माझा हात टेबलावर होता, घंटीपासून वीतभर लांब,
आणि मला तो माझाच आहे हे आठवत नव्हतं.

सावरला. ‘म्हणून म्हणतो, दारं बंद असावीत.’
पाच मिनिटं पन्नास सेकंद.
कागदावर मी तेवढेच लिहिले, खोटं कसं लिहू?
जादा वेळेचे दोन गुण गेले,
ढाल एका गुणानं मुजुमदारांच्या ऋचाकडे.
तिला ‘होय’ आलं होतं. तीही छानच बोलली.
माणुसकी हा शब्द नऊ वेळा, मी मोजला.

बाहेर धुकं, कागदी कपातला चहा.
‘काकू, घंटी का नाही वाजवली?’
सेल गेला रे, म्हटलं. बावीस वर्षांतलं पहिलं.
तो हसला. पटलं नसावं.
‘ते कुलूप खरंच आहे?’
‘पणजोबांचं. दुकानाच्या शटरला लावतो रात्री.’
‘चालतं अजून?’
‘तेल घालावं लागतं.’
आणि त्यानं गजकचा तुकडा तोडून
मोठा माझ्या हातावर ठेवला.

आत पेंडसेसर नि देसाई
पुढच्या वर्षीच्या विषयावरून भांडत होते.
घंटी मी रुमालात गुंडाळली, वाटेत वाजू नये म्हणून.
तरी नई सडकेवर टेम्पो खड्ड्यातून गेला
तेव्हा पिशवीत एकदा वाजलीच.
समोरच्या बाईनं दचकून पाहिलं.
मी घड्याळ बघितलं नाही.