सत्तर-अडुसष्ट

स्कोअरशीट माझ्याच अक्षरात आहे.
सत्तर-अडुसष्ट. खाडाखोड नाही.
तरी बँकेच्या टीमचा मॅनेजर तिसऱ्यांदा येऊन विचारतो,
काका, नीट मांडलंय ना?

मांडलंय.
बत्तीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलली मी,
आकडा माझ्या हातून हलत नाही.

ते आले तेव्हा बसमधून आधी बूट उतरले, मग उंची.
चौदा नंबरचा बाजवा फाटकातून वाकून आत आला.
लोकांनी पोरं त्याच्या कडेवर देऊन फोटो काढले.
आमच्या टीमनेही काढले, हे विसरू नका.
मुदस्सर शिकलगार त्याच्या कोपराखाली उभा राहून
लग्नातल्यासारखा हसत होता.

पहिल्याच क्वार्टरला सोळाचं अंतर.
भडंगवाला गाडा आवरायला लागला.
त्यांच्या कोचने पहिले पाच बसवले,
एकाने नाडी सोडली बुटाची.
सोडलेली नाडी मिनिटात बांधून होते,
पायाला मात्र वेळ लागतो.

कारणं विचाराल तर आहेत.
उत्तरेची रिंग दीड बोट कललीय, पुराचं पाणी बसल्यापासून.
फ्री थ्रोच्या रेषेपाशी भेग आहे, तिथे चेंडू मरतो.
बावीस वेळा मेला, मी मोजलं;
त्यातले तेरा आमचे.
नशीबही होतं.
अभिनंदन मगदूमने पास दिला होता, तो बास्केटमध्ये गेला.
'चुकून' असा रकाना नसतो शीटवर.

पण छत्तीस-अठ्ठेचाळीस असताना
बाजवाने चेंडूसाठी हात वर केला. आला नाही.
पुन्हा केला, खांद्याइतकाच.
मग केलाच नाही.
पाच जण पाच जागी उभे,
प्रत्येकाला वाटत होतं, कुणीतरी जिंकून देईल.
आमच्याकडे तो कुणीतरी नव्हता.

पोतं ओलं असलं की काटा खूश असतो.
दोन महिन्यांनी उघडा,
किलो-दीड किलो कुठे गेलं
कुणालाच सांगता येत नाही.
बस उतरली तेव्हाच मला वाटलं होतं,
मागच्या वर्षीचे कप अजून ओले आहेत यांच्यात.

वाटलं होतं, असं म्हणतो.
खरं तर मीसुद्धा भडंगवाल्याशी
वीसच्या फरकाची पैज लावली होती,
त्यांच्या बाजूने.

बाजवाने सही केली. पेन परत देताना
रिंगकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.
काही बोलला नाही. चांगला पोरगा.

आता दिवे बंद होतायत.
बाकावर आमची पोरं पेढे खातायत,
रविवारी विट्याशी सामना,
मगदूम म्हणतो, विटा काय, तिशीने मारू.
मुदस्सरने नाड्या सोडल्यात,
पाय लांब करून बसलाय.

मी शीट घडी करून खिशात ठेवतो.
एक पेढा माझ्याही हातात आहे.
तो खाऊन झाल्यावर सांगेन म्हणतो.