पाटी माझ्या हातची

मजकूर माझाच.
रंगाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणून
आधी कागदावर आखून दिला, मग त्याच्या शेजारी उभा राहिलो:
‘तळघरात घडणाऱ्या कोणत्याही प्रकारास
व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’
प्रकारास. प्रकाराला नव्हे.
तेवढंच समाधान.

बिबवेवाडीतली चार मजल्यांची इमारत.
खाली झेरॉक्स, चष्म्यांचं दुकान, वर दातांचा डॉक्टर,
त्याच्या डोक्यावर फिजिओथेरपी.
मी खजिनदार. बिनपगारी, एकोणीस वर्षं.
ताळेबंद एका रुपयानं चुकलेला नाही, कुणीही येऊन बघावा.

मागच्या दाराची कडी जूनमध्ये तुटली.
भुसारीनं ती सुतळीनं बांधली.
तेव्हा भुसारी रात्री असायचा.
मग आम्ही त्याला दिवसाचा केला
आणि रात्रीचा कुणी ठेवला नाही.
महिन्याला साडेनऊ हजार वाचले.
आकडा मी वाचून दाखवला तेव्हा
सभेनं टाळ्या वाजवल्या होत्या.

जिन्याखाली दोन ट्यूब. एक गेलेली,
एक जाऊ की नको करणारी.
ऑगस्टात डॉक्टरांच्या कंपाउंडरला खाली अडवून मोबाइल नेला.
सप्टेंबरात दोन डिक्या फोडल्या.
इतिवृत्तात आहे सगळं, माझ्याच अक्षरात:
विषय सात. कडी, ट्यूब, कॅमेरा.
अंदाजे खर्च चौदा हजार दोनशे.
पुढील सभेत घेणे.
पुढील सभेत विषय सहाशीच चहा आला.

नोव्हेंबरात, रात्री साडेआठला,
मृण्मयी ढमढेरे क्लिनिकला कुलूप लावून खाली उतरली.
पुढचं मी सांगणार नाही.
ते तिनं सांगितलंय, एकदा चौकीत, एकदा कोर्टात,
आणि दोन्ही वेळा
सुरुवात सुतळीपासून केली.
तिचं उजवं मनगट आता फिरत नाही.
लोकांची मनगटं फिरती करणं हा तिचा धंदा होता.

ज्यानं केलं तो सापडला. आत आहे.
मला वाटलं, खातं बंद झालं.
मग शिवाजीनगरहून समन्स आलं,
आमच्या नावे.

ओव्हाळ वकीलबाई आवाज चढवत नाहीत.
‘पाटी तुमची?’
‘हो.’
‘कधी लावली?’
‘ऑक्टोबरात.’
‘म्हणजे मोबाइल गेल्यावर. डिक्या फुटल्यावर.’
‘तारखेनं बघितलं तर, हो.’
‘किती खर्च आला?’
‘साडेसातशे. पावती आहे.’
हे मी जरा ताठ होऊनच म्हटलं.
‘असं काही घडेल याची कल्पना नव्हती,
असं लेखी म्हणणं आहे तुमचं.’
‘हो.’
‘मग पाटी कशासाठी लावलीत?’

कारकुनाची बोटं टंकायची थांबली.
न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्याकडे व्हाउचर नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ती पाण्याच्या बाटलीचं झाकण
दातांनी उघडत होती.
नकळत माझा हात पुढे गेला.
‘राहू द्या काका,’ ती म्हणाली,
रागानं नाही,
बँकेत ‘सुटे नाहीत’ म्हणतात तसं.

निकाल लागायचाय.
कडी बसवली, तीनशे चाळीस रुपये.
ट्यूबच्या जागी एलईडी. कॅमेरे दोन.
विषय सात एका मिनिटात मंजूर झाला,
सूचक, अनुमोदक सगळे एकदम.

पाटी मात्र काढता येत नाही.
ती आता निशाणी एकवीस आहे,
निकालापर्यंत हात लावू नका, असं आमचेच वकील म्हणतात.
रोज संध्याकाळी मी खाली जाऊन दिवा लावतो.
नव्या उजेडात ती फाटकापासून वाचता येते.
शुद्धलेखनाची
एकही चूक नाही.