पासवर्डची वही

सक्करदऱ्याच्या माझ्या दुकानावर अजून
'इंटर' एवढंच वाचता येतं,
पुढचं 'नेट' झेरॉक्सच्या नव्या बोर्डाखाली गेलं.
आत सहा खोकी होती प्लायवूडची,
अर्ध्या तासाचे दहा रुपये,
आणि मे महिन्यात कूलरजवळच्या चार नंबरसाठी भांडणं.

तेव्हा लोक फेसबुकचं खातं उघडायला यायचे
आंघोळ करून.
धकाते काका टिळा लावून आले होते.
फोटोत चष्मा ठेवू का काढू, यातच वीस मिनिटं गेली.
त्या वीस मिनिटांचे पैसे मी घेतले नाहीत.
मेडिकलच्या रामटेके सिस्टर नाइट संपवून यायच्या,
डोळे लाल, चपला हातात घेतल्यासारख्या दमलेल्या,
आणि शाळेतली एखादी सापडली की
सहाही खोक्यांना ऐकू जाईल असं हसायच्या.
शोएबनं एका आठवड्यात दोनशे मित्र केले
आणि चौकात समोसे वाटले.

पासवर्ड कुणाच्याच डोक्यात टिकायचे नाहीत.
म्हणून ही वही.
धकाते: मॉडेल मिल आणि कामाला लागले ते साल.
रामटेके: मुलीचं नाव, उलटं.
शोएब: स्वतःचंच नाव, दोनदा.

मग ते निळं दार ज्याच्या त्याच्या खिशात गेलं.
मी प्लायवूड विकलं, मशीन घेतलं.

आता शोएब म्हणतो,
"तिथं काऊन जाता मॅडम? तिथं बुढेच राह्यले."
बुढे म्हणतात,
"वळखीचं कोणी दिसूनच नाही राह्यलं.
चपला विकणारे अन् भांडणारे."
सिस्टर रिटायर झाल्या. म्हणाल्या,
बंद नका करू, राहू द्या.
फक्त तिथं काय चाललं ते मला सांगू नका.

उत्साह ओसरला का, हे मला विचारू नये कोणी.
रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी,
मी वही उघडते आणि एकेकाच्या नावानं आत जाते.
सिस्टरच्या नावानं मैत्रिणीच्या नातवाला 'गोड'.
शोएबच्या नावानं कुणाच्या तरी गाडीला अंगठा.
काकांच्या नावानं, भिलाईच्या भाच्याला,
तो काहीही टाको, 'छान'.
"पोरानं काही टाकलं तं छान लिहून देजा वो,
मी रोज रोज कुठं येऊ?"
असं ते एकदा म्हणाले होते, बारा-तेरा वर्षं झाली.
थांब म्हणाले नाहीत.
मी थांबले नाही.
एकतीस माणसं एका खुर्चीत.
खुर्चीचं एक चाक गेलंय.

भाचाही न चुकता लिहितो, 'धन्यवाद मामा'.
मागच्या मंगळवारी आलं,
'धन्यवाद काका'.

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
काका.

त्याच दुपारी धकाते काका आले,
आधार कार्डाची कॉपी, दोन्ही बाजू.
जाता जाता म्हणाले, "ते चालू हाय का वो अजून?"
"चालू आहे."
"भाचा बोलते?"
"बोलते ना. रोज."
त्यांनी चार रुपये मोजून काचेवर ठेवले,
आणि छत्री उघडून उन्हात गेले.

भिलाईत कारखान्याच्या गेटासमोर
असेलच एखादं दुकान.
लॅमिनेशन, रेल्वेचं तिकीट, पासपोर्ट फोटो.
कोपऱ्यात एखादी वही.

बुधवारी तिकडून एक फोटो आला:
रिकामा फलाट, एक बाक, माणूस नाही.
बोटं सवयीनं 'छा'पर्यंत गेली.
मग मी ते खोडलं, आणि लिहिलं,
'इकडे पंचेचाळीस झालं.
तुमच्याकडे कूलर आहे का?'